चिठ्ठीतला सात

नाशिक, १४ जून २०२५

प्रिय दादा,

लिफाफा बघून दचकला असशील. घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही आणि मी कुणाबरोबर पळूनही गेलेले नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मला तुझा आवाज नकोय, तुझं अक्षर हवंय.

मी एक फॉन्ट करतेय. ऑफिसचा नाही, माझा स्वतःचा. मराठी फॉन्ट एक तर पाठ्यपुस्तकासारखे ताठ असतात, नाहीतर लग्नपत्रिकेसारखे नटलेले. घाईघाईत, गाडीच्या टाकीवर वही ठेवून कुणीतरी लिहिलंय असं वाटणारा साधा, गप्पिष्ट फॉन्ट शोधून शोधून दमले. आणि परवा कपाट आवरताना तुझी जुनी चिठ्ठी सापडली. ‘मांजरीला दूध घाल, मी ओझरला चाललोय.’ शिरोरेषा अर्ध्याच शब्दावर, ‘र’ पुढच्या अक्षराला टेकलेला, आणि तरी एकेक अक्षर स्वच्छ वाचता येतं. आवरणं राहिलं बाजूला, मी ती चिठ्ठीच बघत बसले.

तर आता तू मला पत्रं लिहायची. मुद्दाम चांगलं अक्षर काढायचं नाही. द्राक्ष बागायतदारांना फवारणीच्या चिठ्ठ्या देतोस ना, तसंच खरडायचं. त्या चिठ्ठ्याही चार-दोन पाठव. शेजारचा ललित रोज सातपूरला कामाला येतोच, त्याच्याकडे दिलंस की संध्याकाळी माझ्या हातात पडेल.

वहिनीला म्हणावं, दादाला हाताला धरून टेबलाशी बसव.

तुझी निकू


दिंडोरी, २२ जून २०२५

निकू,

दहावीत माझं अक्षर बघून गुरुजींनी वही खिडकीतून बाहेर फेकली होती. त्याच अक्षराचा तू फॉन्ट करणार म्हणतेस. तुझं शिक्षण वाया गेलं की गुरुजींचं, ते तूच ठरव.

वहिनी हसतेय. म्हणते, लग्नाला नऊ वर्षं झाली, मला एक पत्र लिहिलं नाही आणि बहिणीला पानंच्या पानं.

चिठ्ठ्या पाठवतोय, पाच आहेत. एक गंमत सांगतो. आमच्याकडे छापील कागदाला कुणी विचारत नाही. औषध कंपन्या गुळगुळीत रंगीत पत्रकं वाटतात, ती तशीच गोठ्यात जातात. पण मी प्लॉट फिरून पॅडवर चार ओळी खरडल्या, की ती चिठ्ठी शेडमध्ये खिळ्याला अडकते आणि तिच्यावर आठवडा चालतो. पुढची चिठ्ठी येईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही.

धोंडीराम आण्णांकडे काळू म्हणून गडी आहे, पेठकडचा. बायको कुसाबाई आणि तो वर्षातले आठ महिने आण्णांच्याच बागेत असतात. काळूला वाचता येत नाही, पण माझी चिठ्ठी लांबून ओळखतो. “डाक्टर, तुमचं अक्षर मुंग्यांवानी पळतं,” म्हणतो. बागांना औषध सांगतो म्हणून इथे सगळे मला डॉक्टरच म्हणतात. तुझ्या फॉन्टला हे प्रशस्तिपत्रक चालेल का?

बाकी ठीक. जेवत जा वेळेवर.

योगेश


नाशिक, २८ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

झाला! नाव ठेवलंय ‘बांधावर’.

तुझी पत्रं आणि चिठ्ठ्या मिळून तेवीस पानं झाली. प्रत्येक अक्षराचे तीन-तीन अवतार केलेत. माणूस लिहितो तेव्हा एकच ‘क’ दोनदा सारखा येत नाही, म्हणून टाइप करताना ते आपोआप बदलत राहतात. तुझी गिचमिड सहीसुद्धा एका कळेवर ठेवली आहे. ती दाबली की योगेश डॉक्टर हजर.

फॉन्ट विकायचा तर तो कुठे कुठे शोभेल ते दाखवावं लागतं. म्हणून नमुने केले. एका कॅफेचं मेनूकार्ड, एक बारशाची पत्रिका, लोणच्याच्या बरणीवरचं लेबल, आणि चौथी तुझी चिठ्ठी. खरीखुरी, छाटणीनंतर काड्यांना लावायच्या पेस्टची चिठ्ठी, तुझं पॅड जिथे छापतात त्याच प्रेसमध्ये, त्याच पिवळट कागदावर, निळ्या शाईत. बघणाऱ्याने शपथ घ्यावी की ती हाताने लिहिलेली आहे. एका औषध कंपनीचे जाहिरातवाले तर ती बघून उड्याच मारायला लागले. ‘शेतकऱ्याला एकदम आपला वाटेल हा फॉन्ट,’ म्हणाले.

पाकिटात अकरा चिठ्ठ्या आहेत. दहा छापील आहेत आणि एक तू जूनमध्ये पाठवलेली, अगदी खरी. वाचत बसायचं नाही, नुसत्या अक्षरावरून खरी ओळखायची. ओळखलीस तर दसऱ्याला तुझ्या आवडीची जिलबी.

निकू


दिंडोरी, ६ सप्टेंबर २०२५

निकू,

हरलो. वहिनी हरली, ललित हरला, आणि मी स्वतः दोनदा छापील चिठ्ठी उचलून छाती ठोकून सांगितलं की ही माझी. मागून उजेडात धरून पेनाचा दाब शोधला तेव्हा खरी सापडली, म्हणजे ते काही खरं ओळखणं नव्हे.

स्वतःचंच अक्षर स्वतःला परकं वाटावं, मजाच आहे. पण तुझ्या कामाचा अभिमान वाटला, हे तोंडावर सांगायला जमणार नाही म्हणून इथे लिहितो.

पोरांना खेळायला नकोत म्हणून चिठ्ठ्या बॅगेत टाकून ठेवल्यात. आता छाटणीचा हंगाम सुरू होईल. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, सगळ्यांच्या छाटण्या पुढे ढकलल्यात, म्हणजे थांबला की सगळ्यांच्या एकदमच येणार. दोन महिने मला माणसात धरू नकोस.

योगेश


दिंडोरी, १२ ऑक्टोबर २०२५

निकू,

फोन बंद ठेवलाय, म्हणून ललितकडे हे देतोय. तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मी सांगतो.

गुरुवारी धोंडीराम आण्णांच्या बागेत पेस्टचं काम होतं. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना औषध लावतात, तेच. औषध जहाल असतं, माप सांभाळावं लागतं. बादलीला दोन मापं. मी गेली अकरा वर्षं दोनच लिहितोय. आण्णांना दिलेल्या चिठ्ठीत सात लिहिलंय.

सात, निकू. माझ्या अक्षरात, माझ्या सहीनिशी.

आण्णांना शंका आली होती. त्यांनी दोनदा फोन केला, मी मोहाडीच्या रस्त्यावर गाडीवर होतो, ऐकू आला नाही. मग ते म्हणाले, डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे यंदा पाऊस लांबला म्हणून वाढवलं असेल. काळूने सात मापं कालवली आणि फडकं बुडवून बुडवून तीन ओळी केल्या. हातमोजे फाटलेले होते. दुपारपर्यंत त्याच्या हातांची कातडी सुटायला लागली, मग श्वास लागला. नाशिकला सिव्हिलमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात जीव वाचेल, हातांचं सांगता येत नाही.

हंगामात मी सकाळच्या चहाबरोबर दहा-बारा चिठ्ठ्या लिहून ठेवतो, पेस्टचं माप सगळीकडे सारखंच असतं म्हणून. वाटेत कुणी अडवलं की बॅगेतून काढून देतो. आण्णांनी फाट्यावर अडवलं, मी एक काढून दिली, गाडी बंदसुद्धा केली नाही. त्या सकाळी मी सात कसा लिहिला? कुठे होतं माझं डोकं? आठवायचा प्रयत्न करतो तर कप आठवतो, पेन आठवतं, सात आठवत नाही.

आण्णांची माणसं दारात येऊन बोलून गेली. बरोबर बोलली. पोलिसांनी चिठ्ठी नेली.

योगेश


नाशिक, १३ ऑक्टोबर २०२५

दादा,

वाचलं. 

तुझ्या हातून अशी चूक होणार नाही. मला माहीत आहे. तू कुणाला काही लिहून देऊ नकोस, सही करू नकोस. माझ्या मैत्रिणीचे वडील वकील आहेत, त्यांच्याशी बोलते.

ती चिठ्ठी तू नंतर हातात घेऊन पाहिलीस का? कागद मागून पाहिलास? बॅगेत अजून किती चिठ्ठ्या आहेत? त्या कुणाला दाखवू नकोस, नीट ठेव. म्हणजे, असू देत त्या. मी बघते काय करायचं ते.

जेव. वहिनीचं ऐक.

निकिता


दिंडोरी, १८ ऑक्टोबर २०२५

निकू,

तू बॅगेतल्या चिठ्ठ्यांचं विचारलंस. मी त्याच दिवशी सगळ्या चुलीत घातल्या. चांगल्या कोणत्या आणि चुकीच्या कोणत्या, कोण बघत बसणार? माझ्या अक्षरातला कागद घरात नको झालाय मला.

पोलिसांकडची चिठ्ठी मी पाहिली. साहेबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर ठेवली आणि विचारलं, “अक्षर तुमचंच ना?” माझंच आहे. माझ्या आईनेही ओळखलं असतं. वकील काय करणार त्याला?

रोज वही घेऊन बसतो. बादलीला दोन मापं, बादलीला दोन मापं, असं पानभर लिहितो आणि मग तपासतो, कुठे सात पडलाय का. नाही पडत. पण दोन लिहिताना हात थांबतो आता, आधी थांबत नव्हता. एखाद्याला आपल्या घराचा जिना उतरताना पायरीचा विश्वास वाटेनासा व्हावा तसं झालंय. ज्या हाताने अकरा वर्षं लोकांच्या बागा सांभाळल्या तोच असं करून बसला आणि मला पत्तासुद्धा नाही, तर उद्या तो काय करेल? जगण्याचाच कंटाळा आलाय, हे तुला नाही सांगायचं तर कुणाला? तुझ्या वहिनीने औषधांच्या खोलीला कुलूप लावलंय आणि किल्ली तिच्या भावाकडे देऊन आलीय. 

सिव्हिलला रोज डबा घेऊन जातो. आत जायचं धाडस होत नाही, कुसाबाई बाहेर येऊन डबा घेते. एक शब्द बोलत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी, २७ तारखेला, जबाब आहे. मी सरळ लिहून देणार आहे की चूक माझी, माझ्या हातची. वकिलाला त्रास देऊ नकोस.

भाऊबीजेला ये. या वर्षी ओवाळायला नको, नुसती येऊन बस.

योगेश


नाशिक, २४ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल तू वाट बघितली असशील. ताट मांडलं असेल वहिनीने. मी निमाणीच्या बसस्टँडवर आले होते. दिंडोरीची बस लागली, माणसं चढली, मी नाही चढले. पुढच्या बसलाही नाही. तिसरी गेली आणि मी घरी आले. एका तासाचा रस्ता आहे आणि मला तो कापता आला नाही, कारण मला तुझ्यासमोर उभं राहून हे सांगता येणार नाही. म्हणून लिहितेय. हे पत्र वाचल्याशिवाय सोमवारी कुठेही जाऊ नकोस.

तो सात तू लिहिला नाहीस. तो माझा आहे.

आण्णांना तू दिलीस ती चिठ्ठी मी छापलेल्या दहांपैकी एक होती. फॉन्टच्या नमुन्यात शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे दिसायला हवेत, असा आमच्या कामातला रिवाज आहे. घेणारा आकडे बघूनच घेतो. तुझ्या चिठ्ठीत पाण्याचे लिटर होते, वेळा होत्या, खाली तुझा फोन नंबर होता, सगळे आकडे आले होते, फक्त सात नव्हता. दोन मात्र दोन ठिकाणी होता. मी मापांमधला दोन काढला आणि तिथे सात बसवला. बस. एवढंच केलं. एक कळ दाबली. तुझा सात मला सगळ्या आकड्यांत आवडतो, विळ्यासारखा खाली वळलेला, तो तिथे छान बसला. बादलीला सात मापं म्हणजे काय होतं, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. माझ्यासाठी ते औषध नव्हतं, नुसती अक्षरं होती.

अजून आहे. प्रेसवाल्याने विचारलं होतं, ‘ताई, मागे नमुना असं छापू का?’ मी नको म्हटलं. खरी वाटणार नाही म्हणून. आणि तुला पाठवताना वाचू नकोस असं बजावलं, कारण वाचलीस तर आकड्यावरून ओळखशील आणि माझी गंमत जाईल.

तुझं १२ तारखेचं पत्र ललितने दिलं. मी दारातच उघडलं. ‘सात’ वाचलं आणि त्याच क्षणी मला कळलं. दादा, त्याच क्षणी. नंतर नाही, हळूहळू नाही. दुसऱ्या दिवशी तुला जे पत्र लिहिलं ते घाबरून लिहिलं. चिठ्ठ्या कुणाला दाखवू नकोस असं लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हतं. तू त्या जाळल्याचं वाचलं तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझीच मला किळस येतेय, पण आता काही लपवायचं नाही असं ठरवून बसले आहे.

मी सिव्हिललाही आले होते, दोनदा. पहिल्यांदा वॉर्डाच्या दारातून काळूला पाहिलं. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले, उशीवर ठेवलेले. कुसाबाई त्याला भात भरवत होती आणि त्याच्या हनुवटीवर सांडलेलं पदराने पुसत होती. मी तिथूनच वळले. दुसऱ्यांदा तू दिसलास. जिन्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसला होतास, दाढी वाढलेली. मी औषधांच्या दुकानाच्या मागे जाऊन उभी राहिले, तू उठून जाईपर्यंत. माझा दादा दहा पावलांवर बसला होता आणि मी लपले.

माझ्याकडे सगळ्या फाइल्स आहेत, तारखेसकट. तुझी मूळ चिठ्ठी स्कॅन केलेली आहे, त्यात दोन आहे. प्रेसचं बिल आहे. सोमवारी मी पोलीस ठाण्यात हे सगळं घेऊन येतेय. तू चूक माझी असं लिहून देऊ नकोस. नाही तुझी.

निकू


दिंडोरी, २५ ऑक्टोबर २०२५

निकिता,

आकड्याचं मी समजू शकतो. तुझ्याकडे तुझ्या कामाची रीत, माझ्याकडे माझी. तू न समजता लिहिलंस, मी न वाचता दिलं. खरी ओळखायच्या खेळात मला हरवणारी तू होतीस, पण बॅगेत टाकणारा मी. माझ्याच पॅडच्या गठ्ठ्यात टाकल्या, वेगळ्या बांधायला काय झालं होतं मला?

पण अकरा दिवस?

मी रोज पानभर दोन लिहितोय हे तुला माहीत होतं. डोकं फिरायची वेळ आलीय हे माहीत होतं. किल्ली वहिनीच्या भावाकडे आहे, हे वाचून तू काय केलंस? घडी घालून ठेवून दिलंस? माझ्याच मनातून मी उतरत होतो, निकिता, आणि तुझ्या एका ओळीने मी सावरलो असतो. ती ओळ लिहायला तुला भाऊबीज उलटून जावी लागली.

वहिनी पत्र वाचून न्हाणीघरात जाऊन रडली. बाहेर आली आणि म्हणाली, “बरं झालं, तुमचा हात तरी तुमचा राहिला.” मला तेवढं मोठं मन नाही.

सोमवारी ये. माझ्याशी बोलू नकोस.

योगेश


नाशिक, २८ ऑक्टोबर २०२५

दादा,

बोलू नकोस म्हणालास म्हणून नाही बोलले. लिहू नकोस असं म्हणाला नव्हतास.

तू बाहेर बाकावर बसला होतास तेव्हा आत काय झालं ते तुला कळायला हवं. साहेबांनी पिशवीतली चिठ्ठी आणि माझ्याकडची छापील शेजारी शेजारी ठेवली. मी त्यांना लॅपटॉपवर तीच चिठ्ठी टाइप करून दाखवली. तुझी सही कळ दाबून उमटली तेव्हा ते खुर्चीतून पुढे झुकले. म्हणाले, “म्हणजे उद्या माझ्या अक्षरात कुणी काहीही लिहील?” मी हो म्हटलं. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या उलटून पाहिल्या. मग विचारलं, “आकडा कोणी घातला?” मी म्हटलं, मी. “आणि कागद कोणी दिला?” मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, ते तुमच्या भावाने आधीच सांगितलंय. दोघांचीही नावं एकाच कागदावर घेतली. पुढे काय होईल ते काळूच्या जबाबावर आहे म्हणाले. तो बरा झाला की घेतील.

तुझी सही फॉन्टमधून काढून टाकली. फॉन्ट विक्रीतून काढला, पण ज्यांनी आधीच घेतलाय त्यांच्याकडे तो राहणार. गंगापूर रोडच्या कॅफेत तुझ्या अक्षरात कॉफी लिहिलेली आहे. औषध कंपनीच्या जाहिरातवाल्यांनी पुन्हा फोन केला होता. त्यांना नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर काळूचं सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, ‘पण मॅडम, इफेक्ट तर बघा, किती विश्वास ठेवला त्यांनी.’ मी फोन ठेवला आणि तो नंबर ब्लॉक केला.

तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. मी तुला पाहत होते. हातात पेन देऊन साहेबांनी सही करायला सांगितलं तेव्हा तुझा हात कागदावर थांबला. मी पाहिलं ते. ते मी केलंय आणि ते कोणत्याही फाइलमधून काढून टाकता येणार नाही.

मला माफ कर असं म्हणायचाही हक्क वाटत नाही.

निकू


दिंडोरी, १४ नोव्हेंबर २०२५

निकू,

उत्तर द्यायचं नव्हतं. दोन आठवडे नाही दिलं. काल जे घडलं ते तुला कळायला हवं म्हणून बसलोय.

काळूला सोडलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, डावा हात राहिला, पण दोन्ही पंजांची कातडी नवी आहे, गुलाबी, लहान बाळासारखी. आण्णांच्या शेडवरच आहेत दोघं. काल साहेब तिथे जबाब घ्यायला आले. मला आणि आण्णांना बोलावलं होतं.

साहेबांनी विचारलं, कुणाविरुद्ध तक्रार आहे? काळूने दोन्ही हात पुढे धरले. मग म्हणाला, “मला वाचता येत नाय साहेब. आण्णांनी वाचलं, मी कालवलं. कोनी लिवलं ते तुमी बघा. माझे हात जळले, येवढं बराबर लिवा.” त्यांनी तेवढं लिहिलं.

मग अंगठा घ्यायची वेळ आली. साहेबांनी शाईचं पॅड पुढे केलं, काळूने डावा अंगठा टेकवला आणि कागदावर दाबला. नुसता निळा डाग उठला, निकू. एक रेघ नाही. साहेबांनी अंगठा पुसायला लावला, पुन्हा घेतला. पुन्हा डाग. उजव्याचा घेतला, तोच प्रकार. तिसऱ्यांदा साहेबांनी स्वतः त्याचा अंगठा धरून हलकेच टेकवला. काळू म्हणाला, “दाबा साहेब, आता दुखत नाय.” काही उमटलं नाही.

कुसाबाई दाराशी उभी होती. पहिल्यांदाच बोलली. म्हणाली, “राशनच्या मशीनवर बी घेत नाय त्याचा अंगठा. दुकानदार म्हनतो, हा मानूस मशीनमधी नाय.” आण्णा उठून बागेत निघून गेले. साहेबांनी मला सांगितलं, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. मी केली. काळूचं नाव मला लिहावं लागलं. त्याच्या नावापुढे त्याचं स्वतःचं असं काहीही नाही त्या कागदावर, फक्त माझं अक्षर आणि एक डाग.

घरी येताना तुझ्यावरचा राग आठवायचा प्रयत्न केला. आहे अजून. अकरा दिवसांचा आहे, अकरा दिवसांत जाणार नाही. पण आपण दोघं एकमेकांना पत्रं लिहून कोण किती चुकलं ते वाटून घेत बसलोय, आणि ज्याचं सगळं गेलं त्याला अजून धड कुणी काही सांगितलेलंसुद्धा नाही. माझ्याविषयी मी त्याला सांगितलं. न वाचता दिली, असं सांगितलं. तो म्हणाला, “घाईत व्हतं डाक्टर.” कुसाबाईने मात्र विचारलं, “मंग त्यो आकडा लिवला कोनी?” मी म्हटलं, माझ्या बहिणीने. तिने विचारलं, “का लिवला?”

 नमुना, आकडे, रिवाज, हे मी तिला माझ्या तोंडाने नाही सांगणार.

रविवारी त्यांच्याकडे तांदूळ आणि डाळ घेऊन जातोय. तू सकाळी नऊपर्यंत फाट्यावर ये. गाडीवर माझ्या मागे बसायचं. वाटेत मी बोलेन अशी अपेक्षा ठेवू नकोस. शेडपाशी पोचलो की मी पोतं उतरवत थांबेन आणि तू पुढे जायचं. कुसाबाई दारातच बसलेली असते.

योगेश